जात्यापाशी शिकलेला धर्म

मंडळी, आज जरा घरगुती विषय आहे, पण त्यासाठी चारशे वर्षं मागे जावं लागणार आहे. तेव्हा चहा घेऊन बसा.

आमच्या नात्यातल्या तरुण आईबापांकडून हल्ली एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येतो. भाची "आत्या" म्हणून विचारते, पुतण्या "काकू" म्हणून विचारतो. प्रश्न असा, की मुलांना घरी धर्माचं काय शिकवायचं आणि कसं शिकवायचं? चर्चमधली शब्बाथ शाळा रविवारी तासभर असते. मुलं रंगीत चित्रं रंगवून घरी येतात. उरलेल्या सहा दिवसांचं काय?

आमचं घर तीन पिढ्यांपासून ख्रिस्ती. मी मराठी माध्यमातून बी. ए. झाले आणि सगळी नोकरी मराठी आणि इतिहास शिकवण्यात गेली. त्यामुळे कुणी काही विचारलं की आधी मागच्या लोकांनी काय केलं ते बघायची खोड लागली आहे. या प्रश्नाचं उत्तरही मी तिथेच शोधलं. ते असं, की आपल्याकडे मुलांपर्यंत श्रद्धा पोचली ती घरातल्या बोलीतून आणि गाण्यातून. पुस्तक त्याला आधार देत होतं. घरची भाषा बाजूला पडली तिथे नुसतं पाठांतर उरलं. आता हे कशावरून म्हणते ते सांगते.

मुलांना प्रश्नोत्तरांतून धर्म शिकवायची पद्धत जुनी आहे. जर्मनीत मार्टिन ल्यूथरने १५२८ च्या सुमाराला खेडोपाडीच्या मंडळ्या पाहिल्या. लोकांना दहा आज्ञा आणि प्रभूची प्रार्थनासुद्धा धड येत नाही हे पाहून तो अस्वस्थ झाला. मग १५२९ मध्ये त्याने एक छोटं पुस्तक काढलं. त्यातल्या प्रकरणांच्या मथळ्यांत तो स्पष्ट लिहितो, की हे घरातल्या कर्त्याने आपल्या घरच्यांना सोप्या रीतीने शिकवायचं आहे. म्हणजे शिकवणारा पाद्री नव्हे, बाप. आणि हे जर्मनमध्ये, घरच्या भाषेत. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता गोव्यात येऊ. थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्याला आला तो तिथलाच झाला. फादर स्टीफन्स म्हणून आपण शाळेत त्याचं नाव ऐकलेलं असतं. त्याची दोन पुस्तकं आपल्याला इथे हवी आहेत. एक कोकणीतली प्रश्नोत्तरी. ती त्याच्या मृत्यूनंतर १६२२ मध्ये रायतूरला छापली गेली. दुसरं त्याचं प्रसिद्ध 'ख्रिस्तपुराण', १६१६ चं, सुमारे अकरा हजार ओव्यांचं आणि मराठीत.

आता प्रश्नोत्तरी हाताशी असताना पुराण कशाला? त्याचं कारण पुराणातच एका प्रसंगातून येतं. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांची पुराणं, कथा सगळं गेलं होतं आणि त्या जागी ऐकायला, म्हणायला काही उरलं नव्हतं. त्यांनी तसं बोलून दाखवलं. शिकवणूक मिळत होती, पण मन रमेल असं काही नव्हतं. फादर स्टीफन्सने हे ओळखलं. त्याने ओवी घेतली, वैकुंठासारखे इथले शब्द घेतले आणि बायबलची कथा पुराणासारखी लावली. मी शिक्षिका असल्यामुळे मला या माणसाचं फार कौतुक वाटतं. विद्यार्थ्याला काय हवं आहे ते त्याने विद्यार्थ्यालाच विचारलं!

पुढे वारं फिरलं. २७ जून १६८४ रोजी गोव्याच्या व्हाइसरॉयने हुकूम काढला, की तीन वर्षांत लोकांनी आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी. धर्मशिक्षणही पोर्तुगीजमध्ये. पण हुकूम चुलीपर्यंत पोचत नाहीत. कोकणी घरात राहिली. 'ख्रिस्तपुराणा'चं तर असं झालं, की जुन्या छापील प्रती हाती लागेनात, पण मंगळूरकडच्या ख्रिस्ती घरांत हाताने उतरवून घेतलेल्या प्रती जपलेल्या होत्या. तशा हस्तलिखितांवरून १९०७ मध्ये मंगळूरला ते पुन्हा छापलं गेलं. अडीचशे वर्षं छापखान्याने सोडलेलं पुस्तक घरांनी सांभाळलं. याहून मोठा पुरावा मला नको.

आता आपल्या बाजूला, म्हणजे प्रॉटेस्टंट मिशनकडे वळते. अमेरिकन मराठी मिशनची माणसं १८१३ मध्ये मुंबईत उतरली. १८३१ पासून अहमदनगर त्यांचं मोठं ठाणं झालं. त्यांचा सगळा भर वाचनावर. ज्याला शास्त्र वाचता येतं तो ख्रिस्ती, असा जवळजवळ हिशेब. १८२४ मध्ये मुंबईत त्यांनी मुलींसाठी शाळा काढली ती याच विचाराने. 'बालबोधमेवा' हे मुलांचं मासिकही त्याच मिशनचं. या वाचनाच्या आग्रहाचे आपल्यावर उपकार आहेत. माझ्यासारखी खेड्यातल्या घरातली मुलगी शिक्षिका झाली ती त्याच परंपरेमुळे.

पण अडचण कुठे होती, ते बघा. १८७६-७८ च्या दुष्काळानंतर नगर जिल्ह्यात गावंच्या गावं, मुख्यतः महार-मांग कुटुंबं, ख्रिस्ती झाली. घरातल्या आईला अक्षर येत नव्हतं. नवरा मोलमजुरीला. मग मुलांना शिकवायचं कुणी? मिशनचा शाळामास्तर हाच धर्मशिक्षक. तो प्रश्न विचारणार, मुलं घोकलेली उत्तरं देणार. मुलं घरी गेली की आई काही भर घालू शकत नव्हती, कारण ते उत्तर तिच्या बोलीतलं नव्हतं.

ही फट बुजवली ती गाणाऱ्यांनी. कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तन सुरू केलं, आणि त्या वाटेवरून पुढे रेव्हरंड नारायण वामन टिळक आले.

टिळकांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ चा, मुंबईत. आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं ते सांगत. पण आज मला टिळकांपेक्षा त्यांच्या घराबद्दल बोलायचं आहे. त्यांनी धर्म बदलला तेव्हा लक्ष्मीबाई बदलल्या नाहीत. त्या लहानग्या दत्तूला घेऊन जवळजवळ पाच वर्षं नातलगांकडे राहिल्या. विचार करा, त्या मुलावर काय प्रसंग असेल! बाप ख्रिस्ती, आई ब्राह्मणी सोवळ्यातली. लक्ष्मीबाईंच्या माहेरी तर वडिलांच्या सोवळ्याचा अतिरेक होता, ते 'स्मृतिचित्रे'च्या सुरुवातीलाच त्यांनी सांगितलं आहे. पुढे त्या नवऱ्याकडे आल्या तरी लगेच ख्रिस्ती झाल्या नाहीत. आपलं पाणी, आपला स्वयंपाक वेगळा ठेवला. मग राहुरीला असताना माणसामाणसांतला हा भेद देवाने केलेलाच नाही, हे त्यांचं त्यांना उमगलं. १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. टिळकांनी बायकोला परीक्षेला बसवलं नाही, ही गोष्ट मला फार मोठी वाटते. ते थांबले. घरात अभंग चालू राहिले, गरीब मुलं येऊन राहत होती, आजाऱ्यांची सेवा होत होती. बाई बघत होत्या.

टिळकांनी शेकडो भजनं, अभंग लिहिले. आपल्या 'उपासना संगीता'त त्यांची किती गीतं आहेत ते चाळून बघा. त्यांचं 'ख्रिस्तायन' अपुरं राहिलं. ते १९१९ मध्ये गेले. पुढे ते पुरं करायला घेतलं लक्ष्मीबाईंनी. मोडकंतोडकं लिहायला शिकलेल्या या बाईने साठाहून जास्त अध्याय ओवीत लिहिले. त्या १९३६ मध्ये गेल्या आणि १९३८ मध्ये ते छापून आलं. 'स्मृतिचित्रे'ही कशी झाली? देवदत्तांना, म्हणजे त्याच दत्तूला, वडिलांचं चरित्र लिहायचं होतं, म्हणून आईच्या आठवणी लिहून हव्या होत्या. मुलगा आईला लिहायला लावतो. घरातलं शिक्षण असं दोन्ही बाजूंनी चालतं.

याच काळातलं दुसरं घर पंडिता रमाबाईंचं. घर म्हणजे आई आणि लेक, दोघीच. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेज इथे रमाबाईंनी आणि छोट्या मनोरमेने बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर मनोरमेला धर्माचं काय शिकवायचं यावरून रमाबाई आणि तिथल्या सिस्टर जेराल्डिन यांच्यात चांगलाच वाद झाला. त्यांची पत्रं १९७७ मध्ये छापून आली आहेत. रमाबाईंना त्रैक्यासारख्या काही गोष्टी तेव्हा पटलेल्या नव्हत्या. जे मला पटलेलं नाही ते माझ्या मुलीला शिकवू नका, हा त्यांचा आग्रह. सिस्टरांना तो हट्ट वाटला. विचार करता मला दोघींचं म्हणणं कळतं. चर्चला आपलं शिक्षण अर्धवट द्यायचं नसतं. आईला आपल्या पोटच्या पोरीशी खोटं बोलायचं नसतं. पण एक खरं, की तीच मनोरमा पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये आईचा उजवा हात झाली. १९२१ मध्ये लेक गेली, १९२२ मध्ये आई. रमाबाईंनी शेवटची वर्षं बायबलचं साधं मराठी भाषांतर करण्यात घालवली. जड संस्कृत शब्द टाळले, का तर अडाणी बाईलाही कळावं. त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ मध्ये ते निघालं, मुक्तीच्याच छापखान्यात, तिथल्या बायकामुलींच्या हातून. संस्कृतची पंडिता, पण तिला कळलं होतं की वाचणारी स्वयंपाकघरात बसलेली आहे.

आता आपल्या खानदेशात येऊ. इकडे मिशनचं काम उशिरा आलं. जळगाव, भुसावळ, चाळीसगाव या पट्ट्यात अलायन्स मिशनचे लोक, तर नंदुरबार-नवापूरकडे भिल्ल-मावच्यांमध्ये स्कँडिनेव्हियन मिशनरी. पुस्तकं यायची ती नगर-पुण्याच्या मराठीतली. आणि घरात? घरात आहिराणी!

माझी आजी चाळीसगावजवळच्या एका खेड्यातली. सून म्हणून आल्यावर आजोबांबरोबर ख्रिस्ती झाली. अक्षरओळख शून्य. आजोबा आणि पुढे माझे वडील रात्री कंदिलाच्या उजेडात शास्त्र वाचायचे, सगळं घर पुढ्यात बसलेलं. वाचन संपलं की आजी आम्हाला विचारायची, "तुले समजनं का?" आम्ही माना डोलवायचो. मग पहाटे जात्यावर बसली की रात्रीचा उतारा तिच्या पद्धतीने यायचा. तिच्या ओव्यांत योसेफ सुतार बैलगाडीची चाकं करायचा. मरियेची खाट गोठ्यात, आणि शेजारणी बाळंतिणीला सुंठ-डिंकाचे लाडू घेऊन यायच्या. मेंढपाळ म्हणजे आमच्याकडे शिवारात मेंढ्या बसवणारे ठेलारी. पाच हजारांना जेवण दिलं ती भाकर कळण्याची. तेविसाव्या स्तोत्रातला मेंढपाळ मला आयुष्यात कधी समजावून घ्यावा लागला नाही, कारण डोक्यावर मुंडासं आणि खांद्यावर घोंगडी घेतलेला ठेलारी मी रोज बघत होते.

आता कुणी म्हणेल, हे बायबलमध्ये कुठे आहे? नाही ना. वडील कधी कधी हसून दुरुस्त करायचे, "माय, लाडू नाहीत त्याच्यात." मी म्हणते, दोघंही हवेत. नुसती आजी असती तर चार पिढ्यांत कथेची भलतीच कथा झाली असती. नुसते वडील असते तर आम्ही माना डोलवत झोपून गेलो असतो. पुस्तक कथेला सरळ ठेवतं आणि बोली तिला जिवंत ठेवते.

मराठी बायबल करणाऱ्यांनाही हे कुठेतरी ठाऊक असावं. प्रभूच्या प्रार्थनेत रोजच्या जेवणासाठी त्यांनी 'भाकर' हा शब्द घेतला. पाव म्हटलं असतं तर भाषांतर अचूक झालं असतं, पण खानदेशातल्या पोराने देवाकडे पाव कशाला मागितला असता?

जात्यापाशी काय काय साठवलेलं असतं याचं आपल्या जिल्ह्यातलं मोठं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे. असोद्याच्या बहिणाबाई चौधरी. लिहिता-वाचता न येणारी बाई. मुलाने आणि नातलगाने लिहून ठेवलं म्हणून १९५२ मध्ये त्यांची गाणी पुस्तकरूपाने आली. नाहीतर १९५१ मध्ये त्यांच्याबरोबरच गेली असती.

आणि विद्या घरातून चालते हे तर चाळीसगावकरांनी कुणाला शिकवायला नको. आपल्या तालुक्यातल्या पाटण्याचा शिलालेख १२०७ चा. भास्कराचार्यांना त्यांच्या वडिलांनी, महेश्वरांनी शिकवलं, आणि नातू चांगदेवाने आजोबांचे ग्रंथ शिकवायला पाटण्याला मठ काढला. गणित झालं म्हणून काय, तेही बापाकडून मुलाकडे, आजोबाकडून नातवाकडे गेलं.

दुसरी बाजूही सांगायला हवी. आमच्या नात्यातल्या एका घरात मुलांना प्रश्नोत्तरं छडी हातात घेऊन पाठ करून घेत. चुकलं की जेवण उशिरा. ती मुलं आता साठी ओलांडून गेली. अजूनही उत्तरं धडाधड म्हणून दाखवतात. पण त्यांतल्या एकाने मला सांगितलं, "ताई, मला सगळं येतं, फक्त प्रार्थना करता येत नाही." हे वाक्य माझ्या मनातून जात नाही. शिक्षकांनी तर ते भिंतीवर लिहून ठेवावं.

शाळेकडून या बाबतीत अपेक्षा करू नये, हे मी शाळेत आयुष्य काढून सांगते. आपल्या घटनेच्या २८ व्या कलमाने पूर्णपणे सरकारी खर्चाच्या शाळांत धर्मशिक्षणाला मनाई केली आहे. अनुदानित शाळेतही पालकांच्या संमतीशिवाय कुणावर ते लादता येत नाही. हे योग्यच आहे. माझ्या वर्गात सगळ्या जातिधर्मांची मुलं होती. टिळकांची 'केवढे हे क्रौर्य' शिकवताना त्या जखमी पक्षिणीसाठी सगळ्यांचेच डोळे ओले व्हायचे. कवीचा धर्म कोणता हे कुणी विचारलं नाही, मीही कवितेच्या आधी सांगत बसले नाही. शाळेचं काम तेवढंच. बाकीचं घराचं.

आणि घरात शिकवताना शेजारही आत येतोच. आमच्या गल्लीत श्रावणात कानबाई बसायची, नाताळात आमच्या करंज्या-शंकरपाळे सगळ्या घरांत जायचे. आजी म्हणायची, "देव समदं देखस, पोरी." म्हणजे आपण दुसऱ्याच्या देवाला हसलो तर तेही तो बघतो. आपलं घट्ट धरावं, दुसऱ्याचं तुच्छ मानू नये, हे कुठल्याही प्रश्नोत्तरीपेक्षा लवकर समजलं.

आता आजची गोष्ट. नातवंडं इंग्रजी माध्यमात. गाणी मोबाइलवर, तीही इंग्रजी. 'उपासना संगीत' हातात दिलं तर जोडाक्षरांपाशी अडतात. आहिराणी तर त्यांच्या आईबापांनाच येत नाही. मी इंग्रजीला नावं ठेवत नाही. उद्या त्या मुलांची घरची भाषा खरोखर इंग्रजी झाली तर त्यांनी इंग्रजीत प्रार्थना करावी, ल्यूथरने तरी दुसरं काय सांगितलं होतं? भीती वेगळीच आहे. आजी एका भाषेत, आई दुसऱ्या भाषेत, मूल तिसऱ्या भाषेत, आणि धर्म रविवारच्या वर्गात. मग तो भूगोलासारखा एक विषय होतो. परीक्षा संपली की विसरायचा.

वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी 'सुबोध बायबल' लिहिलं, त्याला २०१३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. २०२० च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. २०२४ मध्ये ते गेले. ते पुस्तक घरात असेल तर रोज रात्री एक पान मोठ्याने वाचा. पंधरा मिनिटं पुरतात. वाचून झालं की मुलालाच सांगायला लावा, त्याच्या शब्दांत. चुकेल, लाडू घालेल मध्ये, घालू द्या. हळूच दुरुस्त करा. एक भजन चालीवर म्हणा, बेसूर का होईना. आणि जे तुम्हाला स्वतःला पटलेलं नाही ते पटल्याचं नाटक करू नका, मुलांना लगेच कळतं.

नातलगांना एक काम सांगते. तुमच्या घरात सत्तरी-ऐंशीच्या पुढची जी कुणी मावशी, काकू, आजी असेल तिच्यापाशी बसा आणि तिला येतात त्या ओव्या, भजनं लिहून घ्या. आहिराणीत असतील तर आहिराणीतच लिहा, शुद्ध करत बसू नका. माझ्या आजीच्या मला जेमतेम सात आठवतात, त्यांतल्या दोन अर्ध्या. त्या मी वहीत लिहिल्या आहेत. राहिलेल्या अर्ध्या ओव्या कुणाला येत असतील तर कळवा.